गाडी नक्की कशावर उभी आहे? : घरच्या गॅरेजमधल्या कार लिफ्टचं विज्ञान

गेल्या उन्हाळ्यात आईबाबा भारतातून आमच्याकडे मिशिगनला आले. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली, त्यामुळे घरात पाऊल टाकल्यावर त्यांना सगळ्यात आधी बघायचं होतं ते गॅरेज. तिथे माझी नवी कोरी, दोन खांबांची कार लिफ्ट उभी होती. मी मोठ्या कौतुकाने बटण दाबलं, गाडी डोक्याच्या वर नेली आणि म्हटलं, "या ना बाबा, खालून बघा." ते आले नाहीत. दारातूनच त्यांनी विचारलं, "ही गाडी आत्ता नक्की कशावर उभी आहे गं?"

"हायड्रॉलिकवर," मी म्हटलं.

"म्हणजे तेलावर. मग मी नाही येत."

वर्कशॉपमध्ये शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट त्यांनी मला सांगितली: जॅक असतो उचलायला, धरायला असतो ठोकळा. मी मटेरियल सायन्समध्ये पीएचडी केली आहे, दिवसभर प्रयोगशाळेत धातूंचे नमुने ताणून तोडते, आणि तरी त्या दिवशी माझं उत्तर चुकलं होतं. हा लेख म्हणजे बाबांच्या त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना गॅरेज असतं आणि मेकॅनिकच्या तासाचे दर बघून स्वतःच पाना हातात घ्यावासा वाटतो. आमच्यासारख्या बर्फाळ राज्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीचं बूड दरवर्षी नीट तपासावंही लागतं. पूर्वी फक्त व्यावसायिक गॅरेजमध्ये दिसणारी लिफ्ट आता घरपोच मिळते. मात्र व्यावसायिक गॅरेजमध्ये तिची वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासणी करून घेण्याची शिस्त असते. आपल्या घरी तपासायला कोणी येत नाही. ते काम आपलंच.

आधी धोका आकड्यांत

१,८०० किलोची गाडी १.८ मीटर वर उचलली, की तिच्यात सुमारे ३२ किलोज्यूल स्थितिज ऊर्जा साठते. विजेच्या हिशोबात ही अगदी किरकोळ गोष्ट आहे, एका युनिटचा शंभरावा भागही नाही. पण तीच गाडी निसटली तर ०.६ सेकंदात जमिनीवर येते आणि आदळताना तिचा वेग ताशी २१ किलोमीटर असतो. मोठा आवाज ऐकून आपले स्नायू हलायला लागेपर्यंतच साधारण पाव सेकंद जातो. शिवाय खाली काम करताना आपलं डोकं गाडीपासून जेमतेम वीतभर अंतरावर असतं. म्हणजे "काही झालंच तर पटकन बाहेर येईन" हा विचार डोक्यातून काढून टाकायचा. जी काही काळजी घ्यायची ती गाडी वर जाण्याआधी.

त्यासाठी एकच सवय लावून घ्या: वजनाचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. गाडीचं वजन रबरी पॅडवर, पॅडवरून आडव्या हातांवर, तिथून खांबातल्या सरकत्या गाड्यावर, मग लॉकवर, लॉकवरून खांबावर, खांबाच्या बुडाशी असलेल्या बोल्टांवर, बोल्टांतून काँक्रीटमध्ये आणि शेवटी मातीत. ही साखळी आहे, आणि साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकीच. आपण खालून वर जाऊ, कारण घरगुती लिफ्टची कच्ची कडी बहुतेक वेळा पायाखालीच असते.

काँक्रीट: दिसतं टणक, पण कशाला?

काँक्रीट दाबाला उत्तम आणि ताणाला कच्चं. त्याची ताण सोसण्याची क्षमता दाब सोसण्याच्या क्षमतेच्या जेमतेम एक दशांश असते. आता प्रश्न असा, की गाडी तर खाली दाबते, मग ताण आला कुठून?

पाण्याने भरलेली कळशी कडेवर घेऊन चालणं सोपं. तीच हात लांब करून धरा, क्षणात खांदा भरून येतो. वजन तेवढंच, पण अंतर वाढलं. बल गुणिले अंतर, हा त्या बलाचा आघूर्ण. लिफ्टचा खांब नेमका असाच, हात लांब करून कळशी धरून उभा असतो.

ढोबळ हिशोब करू. १,८०० किलोच्या गाडीतले ९०० किलो एका खांबाच्या वाट्याला. हा भार खांबाच्या पायपट्टीच्या आतल्या कडेपासून ७० सेंटिमीटर पुढे, गाडीच्या बाजूला. त्यामुळे खांब आत झुकू पाहतो आणि त्याला मागे ओढून धरतात पायपट्टीच्या बाहेरच्या बाजूचे बोल्ट, त्याच कडेपासून ३५ सेंटिमीटरवर. ९०० गुणिले ७० भागिले ३५ म्हणजे १,८०० किलो. प्रत्येक खांबाचे मागचे बोल्ट मिळून जवळजवळ अख्ख्या गाडीइतक्या भाराने जमिनीतून वर उपसले जात असतात! काही लिफ्टमध्ये दोन खांबांना जोडणारा वरचा आडवा दांडा आणि खांबाचं स्वतःचं वजन यांची थोडी मदत होते, पण भिस्त बोल्टांवरच.

हे बोल्ट पाचरीचे असतात. काँक्रीटमध्ये भोक पाडून बोल्ट आत ठोकायचा. वरची नट आवळली की बोल्ट किंचित वर येतो आणि त्याच्या टोकाची पाचर भोकाच्या भिंतीत रुतते. असा बोल्ट उपसला जातो तेव्हा बहुतेक वेळा पोलाद तुटत नाही. बोल्टाभोवतीचा काँक्रीटचा उलटा शंकूच उखडून वर येतो. या शंकूची ताकद बोल्टाच्या खोलीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. खोली ८ सेंटिमीटरऐवजी १२ केली, म्हणजे दीडपट, तर ताकद १.८ पट होते. उलट कोबा पातळ असेल, किंवा बोल्ट भेगेजवळ, जोडाजवळ, कडेजवळ असेल, तर शंकू अर्धामुर्धाच तयार होतो आणि ताकद झपाट्याने घसरते.

म्हणून लिफ्टची ऑर्डर देण्याआधी ही कामं करा:

१. उत्पादकाचं माहितीपुस्तक आधी मिळवा. दोन खांबांच्या घरगुती लिफ्टसाठी किमान ४ इंच जाडीचं आणि ३,००० पीएसआय (सुमारे २१ मेगापास्कल) ताकदीचं काँक्रीट ही अट बऱ्याच ठिकाणी दिसते. काही मॉडेलना याहून जास्त लागतं. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला आकडा हाच खरा.

२. खांब जिथे येणार तिथेच चाचणीचं भोक पाडा आणि आकडा केलेली तार आत घालून जाडी मोजा. माझ्या गॅरेजच्या दाराशी कोबा साडेचार इंच भरला म्हणून मी निश्चिंत होते. डाव्या खांबाच्या जागी तो सव्वातीन इंच निघाला! वरून बघून हे कोणालाही कळलं नसतं. शेवटी दोन्ही खांबांखालचा कोबा चौकोनी कापून, पुस्तकात दिलेल्या मापांचा सळईसह नवा पाया ओतून घेतला आणि २८ दिवस थांबले. काँक्रीट "वाळत" नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक अभिक्रिया होऊन ते घट्ट होतं, आणि त्याची ताकद साधारणपणे २८ दिवसांनंतरची धरतात. त्या काळात उन्हात तापू न देता ते ओलं ठेवायचं. आपल्याकडे नव्या स्लॅबवर पाणी मारतात ते याचसाठी.

३. तुमचा कोबा पोस्ट-टेन्शन प्रकारचा नाही ना, ते बघा. टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोना अशा राज्यांत तो बऱ्याच घरांत असतो. यात काँक्रीटच्या पोटात पोलादी दोरखंड प्रचंड ताणून ठेवलेले असतात. ड्रिलने एखादा तुटला तर जीवावर बेतू शकतं. अशा गॅरेजच्या जमिनीवर अनेकदा तसा इशाऱ्याचा शिक्का असतो. तो दिसला, किंवा शंका जरी आली, तरी ड्रिल खाली ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

डांबरी जमिनीवर अशी लिफ्ट कधीच नाही. डांबर सतत भाराखाली हळूहळू वाहतं.

जागा, वीज, परवानगी

गाडीची उंची अधिक तुम्हाला खाली हवी असलेली उंची, एवढं किमान छत हवं. १.४५ मीटरच्या सेदानखाली पावणेदोन मीटरचा माणूस ताठ उभा राहायचा तर ३.२ मीटर, म्हणजे साडेदहा फूट. साध्या घरांच्या गॅरेजचं छत आठ-नऊ फुटांचं असतं, आणि दाराचे रूळ व मोटर मध्ये येतात ते वेगळंच. छत कमी असेल तर कंबरेइतकी उचलणारी कात्री लिफ्ट घ्या. टायर, ब्रेक, तेल यांसाठी ती पुरते. चार खांबांच्या लिफ्टवर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते, म्हणून एकावर एक दोन गाड्या ठेवायला ती छान, पण चाकं मोकळी हवी असतील तर वेगळा जॅक लागतो. चाकं लोंबती ठेवून सगळीकडून काम करायचं असेल तर दोन खांबांची. वर केलेला आघूर्णाचा हिशोब मुख्यतः हिच्यासाठी.

मोटरला सहसा २२० व्होल्टचं स्वतंत्र सर्किट लागतं; ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. गावाचा बांधकाम विभाग, घरमालकांची सोसायटी आणि घराचा विमा, या तिघांना आधी विचारा. विकत घेताना ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूटच्या प्रमाणपत्राचं लेबल त्या नेमक्या मॉडेलवर आहे का, ते पाहा. "आमचा कारखाना प्रमाणित आहे" हे उत्तर पुरेसं नाही.

बोल्ट: आवळणं म्हणजे काय?

भोक पाडल्यावर आतली भुकटी ब्रशने आणि हवेने पूर्ण काढा. भुकटीवर पाचर रुतत नाही, घसरते. गॅरेजच्या जमिनीला पाणी वाहून जायला दाराकडे उतार दिलेला असतो, म्हणून खांब ओळंब्यात आणायला पायपट्टीखाली पोलादी पातळ पट्ट्या घालाव्या लागतात. त्या किती जाड चालतील यालाही पुस्तकात मर्यादा असते. लाकडाचे तुकडे किंवा नुसते वॉशर घालून भागवू नका.

नट टॉर्क रेंचनेच आवळा. आवळलेला बोल्ट ही ताणलेली स्प्रिंग असते. १९ मिलिमीटरच्या बोल्टाला १५० न्यूटन-मीटर पीळ दिला, तर साध्या सूत्राने त्यात जवळपास चार टनांचा ताण येतो. या ताणामुळे पायपट्टी जमिनीवर दाबून बसते आणि गाडी वर-खाली झाली तरी बोल्ट हलत नाही. न हलणारा बोल्ट थकत नाही. पण काँक्रीट आणि पाचर थोडी थोडी सैल बसतात, हा ताण कमी होतो, म्हणून पुस्तकात दिलेल्या वेळी पुन्हा रेंच लावून बघायचा. ठरलेल्या पीळापर्यंत न पोचता एखादा बोल्ट नुसताच फिरत राहिला, तर तो निकामी समजा.

तेल उचलतं, लॉक धरतं

१९२० च्या दशकात मेम्फिसच्या पीटर लुनाटी यांनी हायड्रॉलिक कार लिफ्ट आणली. न्हाव्याची वर-खाली होणारी खुर्ची बघून त्यांना ती सुचली असं सांगतात. तत्त्व पास्कलचं: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. आजच्या लिफ्टमधला छोटा पंप चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या पुढचा दाब तयार करतो, म्हणून बोटभर नळीतून आलेलं तेल गाडी उचलतं.

पण तो दाब रबरी सील, नळ्या आणि झडपा यांच्या भरवशावर असतो. सील झिजतं, नळी चिरते. म्हणून खांबात ठरावीक अंतरावर पोलादी खाचा असतात. गाडी वर जाताना खटका एकेका खाचेवरून टक् टक् करत जातो. हव्या त्या उंचीच्या थोडं वर जायचं आणि मग गाडी हलकेच खाली घेऊन खटक्यांवर बसवायची. आता वजन तेलावर नाही, पोलादावर. बाबा पहिल्या दिवशी आत आले नाहीत ते याचसाठी: मी बटण सोडलं होतं, पण गाडी लॉकवर बसवलीच नव्हती. उतरवताना आधी थोडं वर उचलून दोन्ही खटके सोडवायचे आणि मगच खाली आणायचं.

दोन्ही खांबांतले गाडे सारखे चालावेत म्हणून त्यांना पोलादी केबलींनी जोडलेलं असतं. नवी केबल पहिल्या काही दिवसांत थोडी ताणली जाते आणि पुन्हा आवळावी लागते. हे पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं आणि मी ते "पुढच्या शनिवारी" वर ढकललं होतं. दोन आठवड्यांनी मी गाडी लॉकवर बसवली आणि सवयीने खाली जायला निघाले, तर बाबांनी दंड धरला. "एकच टक् आला." खरंच, उजवा खटका खाचेत बसला होता, डावा नव्हता. डावीकडची बाजू अजून तेलावरच होती. आम्ही गाडी पुन्हा वर घेतली, दोन्ही खटके सोडवले, गाडी जमिनीवर आणली आणि केबली आवळल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक लिफ्टची नव्हती, माझी होती. तेव्हापासून लिफ्ट चालू असताना आमच्याकडे गाणी बंद असतात, आणि खाली जाण्याआधी दोन्ही खटके कानांनी ऐकून, डोळ्यांनी बघून खात्री करते.

आणखी एक. नळीतून तेल गळतंय का हे हात फिरवून कधीही बघू नका. सुईच्या छिद्रातून या दाबाने येणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा. आणि तेल टोचलंच, तर दुखत नसलं तरी लगेच इमर्जन्सी रूम गाठा.

गुरुत्वमध्य: सरकणारा बिंदू

पॅड कुठे लावायचे हे अंदाजाने ठरवू नका. गाडीच्या पुस्तकात उचलण्याचे चार बिंदू दिलेले असतात. इलेक्ट्रिक गाडीत तर बॅटरी तळाशीच असते, त्यामुळे पॅड दोन इंच आत सरकला तरी बॅटरीच्या पेटीवर दाब येऊ शकतो.

लिफ्टची क्षमता चार हातांची मिळून असते. ९,००० पौंडांच्या लिफ्टचा एक हात २,२५० पौंडांचा. ७,००० पौंडांच्या पिकअपचं ६५ टक्के वजन पुढच्या दोन पॅडवर आलं, तर प्रत्येकावर २,२७५ पौंड. एकूण वजन मर्यादेच्या आत, आणि पुढचे हात मर्यादेच्या बाहेर!

गुरुत्वमध्य काम करताना सरकतोही. १,५०० किलोची पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या: दोन आसांत २.७ मीटर अंतर, ६० टक्के वजन पुढे. गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या मागे १.०८ मीटरवर. आता पुढच्या आसाजवळचं २०० किलोचं इंजिन-गिअरबॉक्स उतरवलं, की तो १.२५ मीटरवर जातो. म्हणजे १७ सेंटिमीटर मागे, आणि तुम्ही गाडीला हातही न लावता. त्यात गंजलेला बोल्ट सोडवायला जोर लावला की गाडी शेपटीकडे झुकू शकते. अशा कामात मागच्या बाजूला उंच टेकू लावा, आणि डिकीतलं सामान आधीच काढून ठेवा.

दरवेळी, न चुकता

- मुलं, कुत्रा, गाडीतली माणसं बाहेर. गाडीची दारं बंद.
- पॅड कोरडे, तेलकट नाहीत. चारही पॅड बिंदूंना टेकले आहेत.
- चाकं जमिनीपासून दोन-तीन इंच उचलून थांबा. बंपर धरून गाडी हलवून बघा. हात आपोआप जागी अडकले आहेत का, ते ढकलून बघा. गाडी कुरकुरली, सरकली, तर खाली घ्या आणि पुन्हा लावा.
- वर गेल्यावर लॉकवर बसवा. दोन्ही खटके तपासा.
- गाडी पडतेय असं वाटलं तर सावरायला जाऊ नका. आधीच मोकळ्या ठेवलेल्या वाटेने बाहेर पळा.
- बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि गॅरेजमधल्या वॉटर हीटरची ज्योत तिला पुरते.
- काम संपल्यावर मुख्य स्विच बंद करून कुलूप.
- महिन्यातून एकदा केबली, नळ्या, वेल्डिंगचे जोड आणि बोल्टांभोवतीचा कोबा बघा. बोल्टाजवळ नवी भेग दिसली तर लिफ्ट बंद, कारण कळेपर्यंत.

परत जाण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी स्वतः लिफ्ट चालवली. गाडी वर नेली, खटक्यांवर बसवली, एका खांबाशी जाऊन बघितलं, मग दुसऱ्या. मग कॉलर सारखी करत गाडीखाली गेले आणि एक्झॉस्टचा गंजलेला क्लँप मला बोटाने दाखवला. आता दर रविवारी फोनवर मी गॅरेजमध्ये आहे असं कळलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. आणि मी तेव्हाच उत्तर देते, जेव्हा मी ते नुकतंच पाहिलेलं असतं.